सुईणीची रिकामी जागा : नांदेड-लातूरच्या मातांचा प्रश्न

३० सप्टेंबर ही तारीख मराठवाडा विसरू शकत नाही. १९९३ साली याच दिवशी, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची धरणी हादरली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, २०२३ च्या ३० सप्टेंबरला, शेजारच्या नांदेड जिल्ह्यावर दुसरा आघात झाला. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या मध्यरात्रीपासून चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांपैकी बारा नवजात बालके होती. पुढील चोवीस तासांत आणखी सात जणांचा अंत झाला. मृतांचा आकडा एकतीसवर गेला आणि त्यांत बालके होती सोळा.

पहिली आपत्ती निसर्गाने आणली होती. दुसऱ्या आपत्तीत ना भूकंप झाला, ना पूर आला, ना कोणी बॉम्ब टाकला. तरीही आई पाळणा रिकामा घेऊनच घरी परतली. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, मंत्र्यांचे दौरे झाले, चौकशी समित्या बसल्या. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला आणि शासनाने तो नाकारला. काही दिवस वृत्तपत्रांचे मथळे गाजले. मग नेहमीप्रमाणे सारे शांत झाले. परंतु ज्या प्रश्नामुळे हे घडले, तो प्रश्न अद्याप जागच्या जागी उभा आहे. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

युद्धभूमीवरील बाळंतपण

नांदेडची बातमी शिळी होते न होते तोच गाझामधून तशाच बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे युद्ध पेटले, तेव्हा त्या चिंचोळ्या पट्टीत सुमारे पन्नास हजार गर्भवती स्त्रिया असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने वर्तविला होता. नोव्हेंबरमध्ये अल-शिफा रुग्णालयाची वीज गेली आणि मुदतपूर्व जन्मलेली बालके काचेच्या पेट्यांतून बाहेर काढून एकमेकांशेजारी निजवावी लागली. ते छायाचित्र जगाने पाहिले. त्यापूर्वी मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील मारियुपोलच्या प्रसूती रुग्णालयावर हल्ला झाला होता. मे २०२० मध्ये काबूलच्या दश्त-ए-बर्ची रुग्णालयातील प्रसूतिकक्षात बंदूकधारी शिरले व माता आणि एका सुईणीसह चोवीस जणांना त्यांनी ठार केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुदानमधील अल-फाशेर येथील सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण व त्यांचे सोबती मारले गेल्याचे वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिले.

या संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात, बाळंतपणात वा त्यानंतरच्या दिवसांत मरण पावल्या. म्हणजे दर दोन मिनिटांना एक. यांतील जवळपास दोन-तृतीयांश मृत्यू युद्धग्रस्त किंवा डळमळीत राज्यव्यवस्थेच्या देशांतील आहेत. हे सारे मृत्यू गोळीने झालेले नाहीत. अनेक स्त्रिया अतिरक्तस्रावाने, रक्तदाब वाढून आलेल्या झटक्यांनी किंवा जंतुसंसर्गाने गेल्या. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. मात्र ते योग्य घटकेला करणारे जाणते हात जवळ असावे लागतात. युद्ध नेमके हेच हात दूर लोटते. अफगाणिस्तानात तर तालिबानी राजवटीने डिसेंबर २०२४ मध्ये मुलींना परिचर्या व प्रसूतिविद्या शिकविणाऱ्या संस्थांचे दरवाजेही बंद केले. ज्या देशात स्त्रीने परपुरुष डॉक्टरकडे जाणे कठीण, तेथे सुईण घडविणेच थांबविले तर उद्याची बाळंतीण कोणाच्या भरवशावर राहणार?

मातामृत्यूचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तीन विलंबांचा विचार मांडतात. पहिला विलंब घरातला : धोका ओळखून दवाखान्यात न्यायचे ठरविण्यास लागलेला वेळ. दुसरा वाटेवरचा : वाहन, रस्ता, पैसा यांमुळे झालेला उशीर. तिसरा दवाखान्यातला : दारात पोहोचल्यावरही उपचार मिळण्यास झालेला उशीर. युद्धात हे तिन्ही विलंब एकाच वेळी गर्भवतीच्या वाट्याला येतात. आपल्याकडे युद्ध नाही, ही देवाची कृपाच. परंतु हीच तीन विलंबांची मोजपट्टी नांदेड-लातूरला लावून पाहिली, तर काय दिसते?

घरातून दवाखान्यापर्यंत

पूर्वीचे चित्र आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. गावात कळा सुरू झाल्या की पहिले बोलावणे सुईणीला जाई. नाळ कापणे, वार पडेपर्यंत थांबणे, बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालणे ही सारी तिची कामे. आणि त्याचा मोबदला म्हणजे लुगडेचोळी व पदरात घातलेली ज्वारी. हे काम 'विटाळाचे' म्हणून ते बहुधा दलित समाजातील स्त्रियांच्या वाट्याला येई. ज्या हातांनी बाळाला जगात आणले, त्याच हातांना बाळ पाचवीचे झाल्यावर उंबरठ्याबाहेर थांबावे लागे. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांत अशा आज्या-पणज्या होऊन गेल्या आहेत. त्यांचे उपकार गावाने घेतले. मान मात्र दिला नाही.

या सुईणींकडे अनुभव होता, धीर होता. पण आडवे मूल, थांबता न थांबणारा रक्तस्राव, अचानक आलेले झटके यांपुढे त्या हतबल होत. रस्ते नव्हते, वाहने नव्हती. निजामी राजवटीत तर रुग्णालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे सीमेपलीकडील छावण्यांत पळाली, तेव्हा वाटेत वेणा सुरू झालेल्या स्त्रियांना आधार होता तो सोबत चालणाऱ्या जाणत्या बायकांचाच. 'बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म' ही आपल्याकडील म्हण त्या काळात अक्षरशः खरी होती.

गेल्या वीस वर्षांत हे चित्र पालटले, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याच वर्षी दवाखान्यातील बाळंतपणास साहाय्य देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली. गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण विनाशुल्क झाले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० या काळात देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. २००४-०६ मध्ये देशाचा हाच आकडा २५४ होता. हे यश लहान नाही. त्यामागे रात्री-अपरात्री गर्भवतीला घेऊन निघालेल्या हजारो आशाताईंचे पाय आहेत.

थोडक्यात, पहिले दोन विलंब पुष्कळ कमी झाले. गाव दवाखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. पण दाराच्या आत काय तयारी होती?

तिसरा विलंब

नांदेडचे ते रुग्णालय एकट्या नांदेडचे नाही. हिंगोली, परभणी, लगतचा यवतमाळचा भाग आणि सीमेपलीकडील तेलंगणातील रुग्णही तेथेच येतात. किनवट-माहूरच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यातून निघालेल्या गर्भवतीला नांदेड गाठण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक वाट तुडवावी लागते. वाटेतील ग्रामीण रुग्णालयात कधी भूलतज्ज्ञ नसतो, कधी स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी असते, कधी रक्त नसते. मग 'पुढे न्या' अशी चिठ्ठी हाती पडते. खासगी रुग्णालयांत पैसे संपले की तेथूनही शेवटच्या क्षणी बाळाला याच मोठ्या रुग्णालयात पाठविले जाते. रुग्ण क्षमतेहून कितीतरी अधिक आणि डॉक्टर, परिचारिका मंजूर संख्येहून कमी, अशी ही अवस्था आहे. २०२३ मध्ये दगावलेल्या बालकांपैकी बरीच कमी वजनाची होती आणि अत्यवस्थ स्थितीत आणली गेली होती, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. ते खरे मानले तरी प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिक खोल जातो. बालक कमी वजनाचे का जन्मले? आणि त्याला तेथे आणण्यास इतका उशीर का झाला?

याचे उत्तर रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी पाचातील एकीहून अधिकींचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झालेले आढळते आणि मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या भागांतील तांडे व वाड्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. गर्भवतीचे नाव गावच्या नोंदवहीत असते. ती स्वतः मात्र शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात मोळ्या वाहत असते. बाळंतपण कोपीत होते, वा अनोळखी दवाखान्यात होते. आणि खाडे पडले म्हणून मजुरी कापली जाते ती वेगळीच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. मासिक पाळी आणि आजारपण यांमुळे काम बुडू नये, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकणे हा ज्या समाजाला 'उपाय' वाटतो, त्या समाजात मातृत्वाचे मोल किती उरले?

त्यात दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन वणवण करणाऱ्यांत गर्भवती किती असतील, याची गणना कोणी केलेली नाही.

कोण गैरहजर आहे?

आमच्या मते या साऱ्या कथेत एक व्यक्ती गैरहजर आहे. जुनी सुईण आपण निवृत्त केली. ते एका अर्थी योग्यच होते. परंतु तिच्या जागी शिकलेली, अधिकार असलेली, पूर्ण वेळ केवळ मातेसाठी असणारी नवी सुईण आपण आणली नाही. ती जागा रिकामीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे आशा आहेत, नर्सबाई आहेत. आहेत, पण त्यांच्या कामाचे स्वरूप पाहा. आशाताई बाळंतपण करीत नाही. ती सोबत नेते, घरभेटी देते. उपकेंद्रातील नर्सबाईच्या नावात प्रसाविका हा शब्द आहे खरा, पण सर्वसाधारण भागात पाच हजार व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे असलेल्या या बाईवर लसीकरण, कुटुंबनियोजन, साथींचे सर्वेक्षण, नोंदवह्या आणि आता मोबाईलवरील माहिती भरणे, असा सारा भार आहे. बाळंतपणाची विद्या हाताला लागते ती रोजच्या सरावाने. बाळंतपणे मोठ्या रुग्णालयांत गेली आणि अनेक उपकेंद्रांतील हात त्या विद्येला पारखे झाले. मग साधे बाळंतपणही तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि शेवटी विष्णुपुरीला जाते. ज्या खाटेवर खरोखर अत्यवस्थ माता हवी, त्या खाटेसाठी गर्दी होते आणि ज्या बालकाला क्षणाचाही विलंब परवडणारा नाही, ते त्या गर्दीत अडकते. दुसरीकडे खासगी दवाखान्यांत शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे वाढत आहेत. महाराष्ट्रात दर चार जन्मांपैकी एक आता शस्त्रक्रियेने होतो. एकीकडे गरजेपेक्षा अधिक, दुसरीकडे गरज असूनही नाही, असा हा विपरीत न्याय आहे.

या कोंडीतून वाट काढणारे प्रयत्न आपल्या अवतीभोवतीच झाले आहेत. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणाने २०१७ मध्ये युनिसेफ व हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या साहाय्याने सरकारी परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रसूतिविद्येचे सखोल प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. निरोगी मातेचे नैसर्गिक बाळंतपण या प्रशिक्षित सुईणी स्वतः करतात, धोका दिसताच डॉक्टरांकडे सोपवितात. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये याच धर्तीवर देशभरासाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. कायदा झाला, सूचना निघाल्या. आता किनवटच्या वा जळकोटच्या प्रसूतिकक्षात अशी सुईण उभी राहील तेव्हा त्या खऱ्या.

महाराष्ट्रातच पाहायचे तर नक्षलवादी हिंसाचाराने अनेक दशके होरपळलेल्या गडचिरोलीचे उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ३९ गावांत गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकविले व सुईणींना त्यांच्या जोडीला उभे केले. १९९५ पासून तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांसाठी घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्याही आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेड येथे निरक्षर, उपेक्षित स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभला. भूकंपग्रस्त भागाजवळील अणदूर येथे 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'ने गावातील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून घडविले. या सर्वांचा धडा एकच आहे : आईच्या सर्वांत जवळ असलेल्या स्त्रीला विद्या, साधने आणि मान द्या, जीव वाचतात.

मान हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांना मानधनवाढीच्या आश्वासनाचा शासन निर्णय निघावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. जुन्या सुईणीला आपण ज्वारीवर राबविले. नव्या सेविकेला आश्वासनांवर राबविणार आहोत काय?

ख्रिस्तसभेने शिकलेला धडा

या विषयात आपणही अंतर्मुख होण्याची गरज आहे. आज धर्मभगिनींनी चालविलेली प्रसूतिगृहे आपल्या इतकी परिचयाची आहेत, की एकेकाळी धर्मभगिनींना बाळंतपण करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांनीच मज्जाव होता, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. व्रतस्थ स्त्रीने या कामात पडू नये, अशी तेव्हाची धारणा होती. अविभाजित भारतातील रावळपिंडीत १९२० च्या सुमारास काम करणाऱ्या ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टर स्त्रीने पडद्यातील माता केवळ स्त्री डॉक्टर नसल्यामुळे मरताना पाहिल्या. तिने १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला आणि चिकाटीने रोमकडे पाठपुरावा केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी धर्मभगिनींना वैद्यकी व प्रसूतिसेवा करण्याची परवानगी मिळाली. त्याआधीच, १९२० मध्ये, डॉ. मेरी ग्लॉरी या ऑस्ट्रेलियन स्त्रीने पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची विशेष अनुमती घेऊन गुंटूरमध्ये सेवा सुरू केली होती. धर्मभगिनी झालेल्या या डॉक्टरने स्थानिक स्त्रियांना परिचर्या व सुईणपण शिकविले आणि १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांच्या अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला.

या इतिहासात सांत्वन आहे तसा इशाराही आहे. मातेचा जीव आणि जुनी धारणा यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा ख्रिस्तसभेने धारणा बाजूला ठेवली. मात्र त्यासाठी कित्येक वर्षे लागली. त्या वर्षांत ज्या माता गेल्या, त्या परत आल्या नाहीत. विलंबाची किंमत कोण चुकविते, हे यातून उमगावे.

पवित्र शास्त्राला सुईण अपरिचित नाही. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणी भेटतात. इब्री बालकांना मारण्याची फारोची आज्ञा त्यांनी देवाच्या भयास्तव मोडली. त्या फारोचे नाव तेथे दिलेले नाही. सुइणींची नावे मात्र आवर्जून दिली आहेत. पवित्र मरियाही गर्भवती अलिशिबेच्या साहाय्यास डोंगराळ प्रदेशात धावून गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. आणि ज्या बेथलेहेमात प्रभू येशूचा जन्म झाला, तेथे आज जन्मस्थानापासून थोड्याच अंतरावर 'पवित्र कुटुंब' नावाचे प्रसूती रुग्णालय माल्टाच्या संघाच्या आश्रयाने १९९० पासून चालू आहे. २००२ चा वेढा, त्यानंतरच्या नाकेबंद्या, २०२३ पासूनचे युद्ध या साऱ्यांतून ते उभे राहिले. तेथे येणाऱ्या बहुसंख्य माता मुस्लीम आहेत. गव्हाणीसमोर गुडघे टेकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे.

आपल्या हाती काय?

शासनाकडे मागण्याच्या गोष्टी स्पष्ट आहेत. तालुका रुग्णालयांतील रिक्त पदे भरावीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्तसाठ्याची सोय असावी. प्रशिक्षित सुईणींचा संवर्ग नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत प्राधान्याने आणावा. आदिवासी भागातील 'माहेरघर' योजना, जिच्यात गर्भवती काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहू शकते, ती खऱ्या अर्थाने चालवावी. ऊसतोड स्त्रीच्या बाळंतपणाची जबाबदारी तिच्या गावाने आणि साखर कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राने एकत्र उचलावी. या मागण्या कोणत्याही एका पक्षाच्या वा धर्माच्या नाहीत.

पण सारे शासनावर सोडून आपण हात झटकावेत, हे योग्य नव्हे. धर्मग्रामाच्या पातळीवर करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या कित्येक लेकी परिचारिका होतात आणि बहुतेकींची नजर परदेशाकडे लागते; त्यांत गैर काही नाही. परंतु त्यांच्यापैकी काहींनी प्रसूतिविद्येचे विशेष शिक्षण घेऊन मराठवाड्यात काही वर्षे द्यावीत, यासाठी धर्मग्रामाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलता येईल. दर तीन महिन्यांनी रक्तदान शिबिर भरविणे कोणालाही कठीण नाही. अतिरक्तस्राव झालेल्या मातेला एक बाटली रक्त म्हणजे आयुष्य. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांतील गर्भवतींची यादी करून त्या जेथे जातील तेथील धर्मग्रामाला वा आरोग्य केंद्राला कळविणे, हे आपल्या धर्मभगिनी आणि महिला मंडळे सहज करू शकतील. मुलीचे लग्न अठराच्या आत होऊ न देणे, हे तर आपल्याच घरापासून सुरू करावे लागेल. आणि आगमनकाळातील आपल्या दानाचा एक वाटा युद्धभूमीवरील प्रसूतिगृहांसाठी आणि दुसरा वाटा किनवट-जळकोटच्या मातांसाठी राखून ठेवता येईल. दूरच्या दुःखाने डोळे पाणावतात तेव्हा दाराशेजारचे दुःखही दिसावे, एवढेच मागणे आहे.

आणखी एक छोटीशी गोष्ट. आपल्या धर्मग्रामात एखादी वृद्ध सुईण अजून हयात असेल, कोणी आशाताई वा नर्सबाई मिस्सेला येत असेल, तर ३१ मे रोजी, पवित्र मरियेच्या भेटीच्या सणाला, तिचा सर्वांसमक्ष सत्कार करावा. शाल-श्रीफळाने तिचे पोट भरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांना वेदीजवळ बोलावणे ही प्रायश्चित्ताची पहिली पायरी ठरेल.

किल्लारीच्या भूकंपानंतर सारे जग मदतीस धावले आणि गावे पुन्हा उभी राहिली. कारण ढिगारे सर्वांना दिसत होते. विष्णुपुरीत सोळा बालके गेली, तेव्हा ढिगारा दिसला नाही. परंतु प्रत्येक आईच्या घरी तो पडलेला आहे. यापुढील ३० सप्टेंबरला आपण किल्लारीच्या मृतांसाठी प्रार्थना करू, तेव्हा या सोळा चिमुकल्यांचेही स्मरण करावे, आणि प्रार्थना आटोपल्यावर आपल्या तालुक्याच्या प्रसूतिकक्षात त्या रात्री बाळंतिणीपाशी कोण आहे, याची चौकशी करून यावी.